वाऱ्याचा लगाम : पवनचक्की आणि वादळ यांचा इतिहास



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही कामगार चळवळीच्या चार आठवणी सांगाव्यात अशी त्यांची अपेक्षा होती. आठवणी सांगण्याचे वय झाले आहे, हे खरे. पन्नाशी उलटून गेली आहे. परंतु माणूस आठवणी सांगू लागला की हळूहळू स्वतःचाच पोवाडा गाऊ लागतो, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही चालकांना विनंती केली की, आम्हांला एका यंत्राचा इतिहास सांगू द्यावा. ते यंत्र म्हणजे पवनचक्की. आणि तीही चालते कशी हे नव्हे, तर वादळात मोडते कशी, हे.

आम्ही इंजिनियर नाही. दहावीची परीक्षा आमच्यावर रुसली आणि आम्ही कारखान्याच्या फाटकातून आत गेलो. पुढचे शिक्षण लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आज जे बरोबर सांगू ते पुस्तकांचे आणि जाणत्या सोबत्यांचे. जे चुकेल ते आमच्या पदरात घालावे.

विषय सुचला तो साताऱ्याकडे, कोयनेच्या जलाशयावरच्या वांकुसवड्याच्या पठारावर. पवनचक्क्यांच्या देखभालीवरच्या मुलांची बैठक होती. ती आटोपल्यावर एका मुलाने आम्हांला मनोऱ्याच्या पोटात नेले. वर अंधारात गेलेली शिडी दाखवली, मग पॅनेलवरचे तांबडे बटण दाखवले. हे दाबले की चक्की थांबते, म्हणाला. आम्ही सहज विचारले, ''आणि वीजच गेली तर?'' तो हसला. ''दादा, वीज गेली की तिनं आपोआप थांबलंच पाहिजे. तशीच बांधलेली असते ती.''

तशीच बांधलेली असते, हे खरे. पण हे शहाणपण यंत्राला जन्मतः मिळालेले नाही. ते कोणी मिळवले, केव्हा मिळवले आणि त्यासाठी काय मोजले, हा आमचा आजचा विषय आहे.

प्रथम दोनशे-तीनशे वर्षे मागे जाऊ. इंग्लंड-हॉलंडातील जुनी पवनचक्की ही लाकडी. तिच्या चार पंखांच्या जाळीवर शिडासारखे कापड ताणलेले असे. वारा वाढला की कापड गुंडाळायचे, कमी झाला की पसरायचे. यात एक मोठी अडचण होती. कापड गुंडाळायला आधी चक्की थांबवावी लागे. एकेक पंख खाली आणून, त्यावर चढून, हाताने ते काम करावे लागे. म्हणजे वादळ सावकाश आले तर चक्कीवाला वाचे. ते अचानक आले आणि चारी पंखांवर कापड असले, तर चक्की थांबत नाही म्हणून कापड काढता येत नाही आणि कापड निघत नाही म्हणून चक्की थांबत नाही, असा पेच पडे. मग उरे तो एकच उपाय, तो म्हणजे ब्रेक. हा ब्रेकही लाकडी. मोठ्या चाकाभोवती आवळलेला लाकडी पट्टा. लाकडावर लाकूड घासले की काय होते, हे अरणीतून अग्नी काढणाऱ्या आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. भोवती पीठ उडालेले, वाळलेली लाकडे, आणि वर वादळाचा भाता.

१७०३ सालच्या नोव्हेंबरात दक्षिण इंग्लंडवर जे महावादळ कोसळले त्यात हे सर्व एका रात्रीत घडले. डॅनियल डीफो या लेखकाने देशभरातून हकिगती मागवून १७०४ साली त्या वादळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने चारशेहून अधिक पवनचक्क्या नष्ट झाल्याचे नोंदवले आहे. काही उलथल्या, काहींचे पंख मोडले, आणि काही नुसत्या घर्षणाने पेटून जळून गेल्या. त्याच रात्री समुद्रातील एडिस्टन खडकावरचा दीपस्तंभ वाहून गेला, आणि त्याचा बांधणारा हेन्री विन्स्टनली दुरुस्तीसाठी तेथे गेलेला असताना त्याच्यासह गेला. आपण बांधलेल्या वस्तूत वादळाच्या रात्री स्वतः राहणारे रचनाकार पुढे फारसे आढळत नाहीत.

जुन्या चक्कीला दुसरे भय पाठीमागच्या वाऱ्याचे. चक्कीचे तोंड वाऱ्याकडे हवे. वाऱ्याने एकाएकी दिशा बदलून तिला पाठीमागून गाठले, तर पंख आणि डोक्यावरची टोपी सगळेच उखडून पडे. १७४५ साली एडमंड ली या इंग्रज लोहाराने मागच्या बाजूस एक लहान पंखा बसवण्याचे पेटंट घेतले. वारा फिरला की तो लहान पंखा फिरायचा आणि दातेरी चाकांच्या साह्याने टोपीला पुन्हा वाऱ्यासमोर आणायचा. माणूस झोपला तरी चक्की जागी. १७७२ साली अँड्रू मिकल या स्कॉटिश चक्कीकाराने कापडाऐवजी झडपा बसवल्या. जोराचा वारा आला की स्प्रिंग दबून झडपा उघडत आणि वारा आरपार निघून जाई. १८०७ साली विल्यम क्यूबिट याने चक्की न थांबवता सर्व झडपा एकदम उघडण्याची युक्ती काढली. हा क्यूबिट चक्कीवाल्याचा मुलगा, सुतारकाम शिकलेला. पुढे याच क्यूबिटने तुरुंगातील कैद्यांना तासन्‌तास पायाने फिरवायला लावणारे चाकही तयार केले. एकाच डोक्यातून यंत्राला मोकळीक देणारी आणि माणसाला जखडणारी अशा दोन्ही कल्पना निघाल्या! इतिहासात असे होते, म्हणून केवळ बुद्धीला नमस्कार करण्याची घाई करू नये. असो.

या जुन्या कारागिरांनी मूळ प्रश्न ओळखला होता. वारा पकडणे सोपे आहे. नको तेव्हा तो सोडून देणे अवघड आहे. येथे थोडे गणित सांगितले पाहिजे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो आणि त्यातील शक्ती आठपट होते. आजची मोठी पवनचक्की साधारणतः सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाचा वारा सुटला की आपले काम बंद करते. चक्रीवादळात वारा त्याच्या दुप्पट होऊ शकतो. मग चक्की उभी असली तरी तिच्या अंगावर चौपट दाब येतो. आणि दुर्दैवाने ती फिरत असली, तर आठपट शक्ती तिला आणखी जोरात फिरवू पाहते. जनित्र विजेच्या जाळ्याला जोडलेले असते तोवर ते जाळेच तिचा वेग आवरून धरते. पण वादळात आधी पडतात ते विजेचे खांब. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा रायगड-रत्नागिरीत खांब कसे आडवे झाले, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. जाळे तुटले की चक्कीच्या तोंडातला लगाम सुटला. म्हणजे ज्या घटकेला लगामाची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच घटकेला तो तुटण्याचा संभव सर्वांत अधिक. आमच्या मते सगळ्या विषयाचे मर्म हे आहे.

आता अमेरिकेत जाऊ. व्हरमाँट राज्यात ग्रँडपाज नॉब नावाच्या डोंगरावर पामर पटनम या इंजिनियराच्या कल्पनेतून एक प्रचंड पवनचक्की उभी राहिली. तिच्या दोन पोलादी पात्यांचा व्यास १७५ फूट. एकेक पाते आठ टनांचे. शक्ती १२५० किलोवॅट. १९ ऑक्टोबर १९४१ रोजी तिची वीज प्रथम जाळ्यात गेली. एवढी मोठी चक्की जगाने पूर्वी पाहिली नव्हती. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिचे मुख्य बेअरिंग गेले. युद्ध चालू होते, सुटा भाग मिळेना. दोन वर्षे ती डोंगरावर नुसती उभी राहिली. पात्यांच्या मुळाशी कमजोरी आहे, हे कागदावर ठाऊक झाले होते. चिराही दिसल्या होत्या आणि जागच्या जागी सांधल्या होत्या. नवी पाती करायला वेळ नव्हता आणि सामानही नव्हते. ३ मार्च १९४५ रोजी ती पुन्हा सुरू केली. २६ मार्चच्या पहाटे एक पाते मुळापासून तुटले आणि ७५० फूट दूर जाऊन पडले. त्या वेळी वर एक माणूस काम करीत होता. उरलेल्या एकाच पात्याने सगळा मनोरा हादरत असताना, पडत-धडपडत त्याने यंत्र बंद केले आणि तो जिवंत खाली आला.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्या पहाटे वादळ नव्हते. वारा नेहमीचा होता. चिरा मात्र जुन्या होत्या. भोवतालच्या हवेत एक दिवस वादळ येते. धातूच्या आत ते कधी कधी दोन वर्षे चाललेले असते.

हे वाचताना आम्हांला आमच्या तरुणपणचा एक कारखाना आठवतो. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. आमच्या डोक्यावर क्रेन चाले. तिच्या ब्रेकचे लायनिंग झिजले होते. रजिस्टरात तीन वेळा नोंद झाली होती. दोन नोंदी तर आमच्याच हाताच्या. प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळाले: महिनाअखेरचा माल जाऊ द्या, मग पाहू. एके दुपारी लोखंडी साचा साखळीसकट घसरला आणि आमच्या एका सोबत्याचा पाय गुडघ्याखाली गेला. चौकशीच्या कागदावर 'चालकाचा हलगर्जीपणा' असे शब्द उमटले. रजिस्टराचे ते पान कोणी उघडले नाही. त्या दिवसापासून एखादे यंत्र मोडल्याची बातमी वाचली की, वारा किती होता, हे आम्ही दुसऱ्यांदा विचारतो. आधी विचारतो की, नोंद कधी झाली होती?

पण इतिहासात केवळ निष्काळजीपणाच असता तर तो सांगण्याचे कारण नव्हते. डेन्मार्क नावाच्या लहानशा देशात याच्या उलट गोष्ट घडली. तेथील आस्कोव्ह गावात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक लोकशाळा होती. तेथे पौल ला कूर या शिक्षकाने १८९१ पासून वाऱ्यापासून वीज करण्याचे प्रयोग चालवले आणि खेड्यांतील मुलांना वीजकामाचे वर्ग काढले. १९०४ साली त्या वर्गात सतरा वर्षांचा योहानेस यूल बसला होता. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ पुढेही आली नाही. तो वीजकामगार झाला, एका वीजसंस्थेत नोकरी करीत राहिला, आणि साठी उलटल्यावर पुन्हा पवनचक्कीकडे वळला. १९५७ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याची गेडसर येथील चक्की सुरू झाली. तीन पाती, २४ मीटरचा व्यास, २०० किलोवॅट. ग्रँडपाज नॉबच्या मानाने ती धाकटी, दिसायलाही साधी.

यूलने दोन गोष्टी केल्या. पहिली ही की, पात्यांचा आकार आणि बसण्याचा कोन असा ठेवला की वारा फार वाढला म्हणजे हवा पात्याला चिकटून वाहीनाशी होते आणि पात्याची ओढ आपोआप मंदावते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. प्रत्येक पात्याचे टोक त्याने वळू शकेल असे केले. चक्की मर्यादेबाहेर फिरू लागली की गोफणीतला दगड जसा बाहेर ओढ घेतो तशी ती टोके बाहेर ओढ घेतात, सुटतात, आडवी वळतात आणि हवेलाच अडवून चक्कीचा वेग तोडतात. त्याला वीज लागत नाही, माणूस लागत नाही, बटण लागत नाही. जो अतिवेग चक्कीचा नाश करणार, त्याच अतिवेगाकडून लगाम ओढून घेतला! ही चक्की जेमतेम देखभालीवर १९६७ पर्यंत, दहा-अकरा वर्षे चालली.

पुढे तेल स्वस्त होते म्हणून जग हे विसरले. १९७३ नंतर तेल महागले तेव्हा डेन्मार्कमधील सुतार, लोहार आणि शेतीची अवजारे करणारे कारखानदार पुन्हा पवनचक्क्या बांधू लागले. घाईत काहींनी यूलची वळती टोके गाळली. एकच ब्रेक पुरे, असे त्यांना वाटले. १९८० च्या सुमारास वादळी वाऱ्यात काही चक्क्यांचा तो एकमेव ब्रेक निकामी झाला, चक्क्या उधळल्या आणि पाती उडाली. तेव्हा यूलची टोके परत आली. सरकारने रिसो येथे चाचणी केंद्र काढले होतेच. १९७९ पासून तेथे मान्य झालेल्या यंत्रालाच अनुदान मिळू लागले, आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक असलेच पाहिजेत, हा दंडक रूढ झाला. आम्हांला या तीन शब्दांत मोठा अर्थ दिसतो: 'एकमेकांवर अवलंबून नसलेले'. एकाच दोरीला दोन गाठी मारणे म्हणजे दोन दोऱ्या नव्हेत. आजच्या मोठ्या चक्क्यांत तिन्ही पाती आपापल्या मुळाशी वळून वाऱ्याला धार दाखवतात, आणि वीज गेली तरी वळता यावे म्हणून जवळ बॅटरी किंवा तेलाच्या दाबाचा साठा असतो. वांकुसवड्याच्या त्या मुलाच्या एका वाक्यामागे इतका इतिहास आहे.

याच डॅनिश वंशाच्या ५५ किलोवॅटच्या चक्क्या १९८६ साली आपल्या देशात आल्या आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, तसेच गुजरात व तामिळनाडूत पहिल्या उभ्या राहिल्या. यंत्र आले, पण वारा मात्र येथलाच होता. ९ जून १९९८ रोजी पोरबंदरजवळ चक्रीवादळ किनाऱ्यावर चढले. त्या पट्ट्यातील तीनशेहून अधिक पवनचक्क्यांपैकी सव्वाशेच्या आसपास चक्क्यांची जबर मोडतोड झाली. उत्तर युरोपातील झंझावात जोराचा खरा. परंतु उष्ण समुद्रावर पोसलेले चक्रीवादळ ही वेगळीच जात आहे. त्यात वारा तासाभरात दिशा फिरवतो. त्याचा डोळा डोक्यावरून गेला की, उलट्या बाजूने तडाखा बसतो. जुन्या चक्कीवाल्याचे ते पाठीमागच्या वाऱ्याचे भय येथे शतपटीने परत येते.

त्याच वादळात कांडला बंदराच्या परिसरात समुद्र आत घुसला. एकंदर मृतांचा आकडा हजारावर गेला, आणि त्यांत मिठागरांवर राबणारे मजूर पुष्कळ होते. पवनचक्क्यांच्या नुकसानीची मोजदाद पात्यागणिक झाली. परगावहून पोटासाठी आलेल्या मजुराचे नाव मात्र हजेरीपटावर असेल तरच त्याची मोजणी होणार. यंत्रांचा इतिहास लिहिताना ही ओळ वगळणे आमच्याने होत नाही.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही युनियनवाले सगळा दोष माणसांवरच घालता. निसर्गाचे काही चालते की नाही? चालते, आणि ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ११ सप्टेंबर २००३ रोजी जपानच्या मियाको बेटावर 'माएमी' टायफून आला. तेथे सेकंदाला ७४.१ मीटरचा झोत मोजला गेला; म्हणजे ताशी २६७ किलोमीटर. बेटावरील वीजकंपनीच्या सहाही पवनचक्क्यांची वाताहत झाली. दोन मनोरे बुंध्याशी, जेथे आत जाण्याचे दार कापलेले असते त्या भागात, डबा चेपावा तसे चेपून आडवे झाले. एक तर पायासकट उलटला. उरलेल्या तिघींची पाती आणि डोक्यावरची कवचे गेली. आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे सर्वांत मजबूत वर्गाची चक्की सुमारे ७० मीटरच्या झोताला टिकावी अशी आखलेली असते. येथे वाऱ्याने ती रेघच ओलांडली होती. १० ऑगस्ट २००६ रोजी चीनच्या त्सांगनान भागात 'साओमाई' टायफूनने पाच मनोरे पाडले. सप्टेंबर २०२४ मध्ये हायनान बेटावर 'यागी'ने पुन्हा तेच दृश्य दाखवले. २०१९ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणात अशा वादळी प्रदेशांसाठी आणखी कडक वर्ग घातला गेला. म्हणजे रेघ वर सरकली. पण प्रत्येक वेळी ती काही मनोरे आडवे झाल्यानंतरच सरकली आहे, हेही विसरू नये.

याउलट २२ फेब्रुवारी २००८ ची हकिगत. स्थळ डेन्मार्क, हॉर्नस्लेट गाव. दहाएक वर्षे चाललेली चक्की. वारा जोराचा, परंतु डेन्मार्कला अनोळखी नव्हे. ब्रेक निकामी झाला, चक्की उधळली, एक पाते वाकून मनोऱ्यावर आदळले आणि मनोरा मधोमध मोडला. कोणी तरी दुरून चित्रण करीत होते, म्हणून साऱ्या जगाने ते पाहिले. ज्या देशाने दोन ब्रेकांचा दंडक घातला त्याच देशात हे घडले. दंडक कागदावर होता. पण टोके खरोखर वळतात की नाही, दांड्याला तडा गेला आहे की नाही, हे वर चढून कोणी तरी पाहावे लागते. डेन्मार्कने नंतर नियमित देखभाल सक्तीची केली. यूलच्या युक्तीलाही तेलपाणी लागतेच.

आता या सर्वांतून निघते काय? पवनचक्की वादळात मोडते ती मुख्यतः तीन रीतींनी: लगाम सुटून उधळली म्हणून, उभी राहिली तरी वारा मापापलीकडचा होता म्हणून, किंवा आतली चीर आधीच वाढत आलेली होती म्हणून. पहिलीवर उपाय यूलसारखे कारागीर शोधतात. दुसरीवर शास्त्रज्ञ आणि प्रमाणे ठरवणाऱ्या समित्या शोधतात. तिसरीवर उपाय शोधायला कोणाच्याही बुद्धीची गरज नाही. तेथे पाहिजे तो शिडी चढून वर जाणारा माणूस, आणि त्याने लिहिलेली नोंद वाचणारा दुसरा.

वांकुसवड्याच्या त्या मुलांची मागणी काय होती ते सांगून आम्ही थांबतो. पगारवाढ होतीच, ती असायलाच हवी. परंतु यादीत एक कलम असे होते की, देखभाल करणाऱ्याने 'यंत्र बंद ठेवावे' असा शेरा लिहिला, तर तपासणी होईपर्यंत ते बंदच राहावे आणि त्या शेऱ्यापायी त्याचे कंत्राट तुटू नये. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा मुलगा असा शेरा लिहिताना दहा वेळा विचार करतो. वारा मात्र दहा वेळा विचार करत नाही. चर्चेच्या टेबलावर त्या कलमाला पलीकडची मंडळी हसली. कामगाराने यंत्र थांबवायचे, म्हणजे उद्या कारखानाच थांबवाल, असे म्हणाली. ते कलम अजून मान्य झालेले नाही.

आम्ही त्यांना १७०३ पासूनची ही गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती. तेव्हा ती आम्हांला येत नव्हती. आता येते, आणि पुढची बैठक पावसाळ्याच्या आधी आहे.